सागवानावर देवनागरी कोरायला ३०१८ सीएनसी राउटर कसं आहे?

दारावरची नावाची पाटी, देव्हाऱ्याच्या कमानीवरची वेलबुट्टी, पाटाच्या कडेला पैठणीतला मोर. घरच्या टेबलावर एवढं करायचं असेल तर ३०१८ प्रो या नावाने मिळणारं छोटं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणारं मशीन, पुरेसं आहे. त्यावर सागवानी फळ्या कापून स्टूल-कपाटं करायचा बेत असेल तर मात्र पैसे घालू नका. कोरण्यात हे मशीन चोख आहे, जाड लाकूड कापताना त्याचा दम निघतो.

नावातच माप आहे: ३०० × १८० मिमी, उंचीला ४५ मिमी. क्लॅम्पची जागा सोडली की २८० × १६० धरून चाला. बिट फिरवणारी २४ व्होल्टची ७७५ मोटर, बिट पकडणारा ईआर-११ कोलेट, ३.१७५ मिमी दांड्याचे बिट (कोरणारी पाती) आणि मशीन हलवणाऱ्या जीआरबीएल या सॉफ्टवेअरवर चालणारं बोर्ड, असा सगळा संच सुट्या भागांत येतो. एकच आराखडा अनेक विक्रेते विकतात, त्यामुळे घेताना एक गोष्ट बघाच: मोटर उचलून धरणाऱ्या बाजूच्या पट्ट्या बेकलाइटच्या आहेत की ॲल्युमिनियमच्या. बेकलाइट सागवानात बिट रुतला की लवतं आणि गोलाचा लंबगोल होतो. थोडे जास्त द्या, पण ॲल्युमिनियमच घ्या.

जोडताना गुण्या हाताशी ठेवा आणि दोन्ही कर्ण मोजा. मशीन सरकवणाऱ्या मोटर आणि त्यांचे लांब स्क्रू जोडणाऱ्या कपलरचे बारीक ग्रब स्क्रू नीट आवळा, कारण अर्धं काम झाल्यावर नक्षी अचानक २-३ मिमी सरकते तेव्हा बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात.

आता वेगाचा हिशेब. सागवानात ३.१७५ मिमीच्या सपाट बिटने एका फेरीत ०.५ मिमी खोली आणि मिनिटाला ५०० मिमी, याच्या पुढे जाऊ नका. २८० × १२० मिमीची पाटी १२ मिमी जाड फळीतून कापून काढायची तर परीघ ८०० मिमी, फेऱ्या २४, म्हणजे नुसत्या कडेला ३८ मिनिटं. १०० × १०० मिमीचा खड्डा ३ मिमी खोल करायला दीड तास. म्हणून बाहेरची कड सुताराकडून किंवा जिगसॉने कापून आणा आणि मशीनला फक्त कोरायला द्या. बांधावरची बाभूळ असेल तर खोली ०.२५ मिमीवर आणा, नाहीतर मोटर अडकते.

अक्षरांचं काम हा या मशीनचा खरा कस आहे. संचासोबत येणारे २० अंशांचे टोकदार बिट अक्षरांना निरुपयोगी आहेत. ६ मिमी रुंद शिरोरेघ व्ही आकारात कोरायला त्यांना १७ मिमी खोल जावं लागेल, तेवढी फळीच जाड नसते. ६० अंशांच्या बिटला तीच रेघ ५.२ मिमी खोलीत मिळते. पण ३.१७५ मिमी दांड्याच्या ६० अंशी बिटचं तोंडही बहुधा तेवढंच असतं, त्यामुळे रेघ ३ मिमीच्या वर गेली की तो अपुरा पडतो. ६ मिमी दांड्याचा व्ही बिट आणि त्याला ६ मिमीचा ईआर-११ कोलेट वेगळा मागवा. हा खर्च टाळू नका, पाटीचं सगळं रूप यावर आहे.

दुसरी अडचण देवनागरीची आहे. कोरीवकामाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मराठी थेट टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या जागी बसते. उपाय असा: इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्टने नाव लिहा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून अक्षरांचे आकार करा, ग्रुप सोडवा आणि मग ‘युनियन’ करून ते आकार एकसंध जोडा. ही शेवटची पायरी विसरली की काय होतं ते ‘देशमुख’ कोरून बघा. प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. त्या चढलेल्या जागी मशीनला दोन वेगळे आकार दिसतात, ते दोन्हींच्या कडा पाळतं आणि शिरोरेघेत दर अक्षरामागे एक आडवी गाठ राहते. युनियन केल्यावर शिरोरेघ सलग, खोलीही सलग. मग इंकस्केपची एसव्हीजी फाइल डीएक्सएफमध्ये बदलून एफ-एनग्रेव्ह या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. ते मोफत आहे आणि व्ही-कोरीवकाम उत्तम करतं. तयार फाइल कँडल या सॉफ्टवेअरमधून मशीनला पाठवा.

फळी सपाट नसेल तर ही सगळी मेहनत वाया जाते. ६० अंशांच्या बिटला उंचीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला की रेघ जवळपास ०.६ मिमी जाड-बारीक होते. म्हणून आधी मशीनवर १२ मिमी एमडीएफचा (दाबलेल्या भुशाच्या फळीचा) तुकडा बसवून तो मशीननेच सपाट करून घ्या, आणि फळीला दोन्ही बाजूंनी रंधा मारून आणा. सागवान तेलकट असल्याने दुहेरी टेप सुटते. खालची बाजू थिनरने पुसा. त्याहून चांगलं म्हणजे फळीला आणि एमडीएफला मास्किंग टेप लावून मधे फेव्हिक्विकचे थेंब टाका. घट्ट बसतं आणि काढतानाही त्रास होत नाही.

आपल्याकडे वीज जाणार हे धरूनच चाला. जीआरबीएलला वीज गेल्यावर आपण कुठे होतो ते आठवत नाही. काम सुरू करण्याआधी शून्याच्या जागी फळीबाहेर एमडीएफवर १ मिमीचं छिद्र पाडून ठेवा. वीज आली की व्ही बिटचं टोक त्या छिद्रात आणा, बिटखाली कागद सरकवून उंची पुन्हा लावा आणि थांबलेल्या ओळीपासून पुढे चालवा. मशीनचा वीजपुरवठा साधारण १२० वॅटचा, लॅपटॉप धरून १८० च्या आसपास, त्यामुळे ६०० व्हीएचा साधा यूपीएस फेरी संपवून बिट वर उचलण्यापुरता चालतो. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा बोर्डावरचे मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणाऱ्या चिप) तापतात, मोटरची पावलं चुकतात आणि नक्षी सरकते. बोर्डावर छोटा पंखा लावा, किंवा पहाटे काम उरका. व्हॅक्यूम क्लीनर त्याच सॉकेटवर लावू नका, त्याच्या विजेच्या गडबडीने यूएसबीचा संपर्क तुटतो आणि कोरलेलं तिथेच राहतं.

व्हॅक्यूम मात्र हवाच. सागवानाचा भुसा घशाला आणि कातडीला झोंबतो, एमडीएफचा त्याहून वाईट. मास्क लावल्याशिवाय मोटर चालू करू नका. किनवटकडचं जुनं, मुरलेलं सागवान मिळालं तर कड स्वच्छ येते. ओलसर फळीत रेशे उठतात आणि अक्षरांत लोकरीसारखे तंतू अडकतात, ते जुन्या दातांच्या ब्रशने निघतात.

रंग भरण्याआधी सँडिंग सीलरचा एक हात द्या. थेट काळा रंग ओतला तर तो सागवानाच्या रेषांत शिरतो आणि अक्षराच्या कडेला दाढी फुटते. सीलर वाळला की रंग भरा, तो पक्का वाळू द्या, मग १८० आणि नंतर २४० नंबरच्या पॉलिश पेपरने वरचा थर घासून काढा. शेवटी पॉलिश.

मोटरचे कार्बन ब्रश झिजतात आणि आवाज फाटू लागतो, म्हणून एक जादा ७७५ मोटर सुरुवातीलाच घेऊन ठेवा. सागवानातले वाळूसारखे सिलिकाचे कण धारही लवकर खातात, तेव्हा व्ही बिट दोन मागवा.