पद रद्द झालं सांगून राजीनामा लिहून घेतात, सावध राहा

"तुमच्याबद्दल काहीच तक्रार नाही, तुमचं पदच रद्द झालंय," असं एचआरने सांगितलं आणि लगेच टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला. 'वैयक्तिक कारणास्तव, स्वेच्छेने' असा मजकूर आधीच तयार. खाली आणखी एक ओळ: 'माझं कंपनीकडे कोणतंही येणं बाकी नाही.' सही केली तर चांगलं अनुभवपत्र देऊ, नाहीतर काढून टाकल्याचं लिहावं लागेल, मग पुढे नोकरी कोण देणार, असं दरडावलं. कागद घरी नेऊ दिला नाही. सही घेतली. फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, आला चालू महिन्याचा पगार आणि शिल्लक रजांचे पैसे, बस्स.

थोड्याच दिवसांत माझ्याच कामाची जाहिरात झळकली. पदाचं नाव तेवढं नवं. त्यातली काही वाक्यं तर मी काम दुसऱ्याकडे सोपवण्यासाठीच्या हँडओव्हर टिपणात लिहून दिलेली, जशीच्या तशी!

पद रद्द करणं हा मालकाचा निर्णय, त्यामुळे नोटीस आणि भरपाईचा प्रश्न त्याच्यावर येतो. राजीनामा मात्र तुमचा निर्णय ठरतो, आणि तो हातात आला की मालक सहसा मोकळा होतो. सगळी धडपड त्यासाठीच असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारात स्पष्ट म्हटलंय की कामावरून काढायला सबळ कारण हवं, वाजवी नोटीस हवी आणि निःपक्ष यंत्रणेकडे दाद मागता आली पाहिजे. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, त्यामुळे आपल्याला लागू असलेला कायदा वकिलाकडून समजून घ्या.

बैठकीत सही करू नका. पद रद्द केल्याचं पत्र कारणासह मागा. देत नसतील, तर काय बोलणं झालं ते त्याच दिवशी ईमेलने कळवा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आधीच स्वतःकडे ठेवा, ऑफिसचं लॉगिन कधी बंद होईल सांगता येत नाही.

सही झाली असली तरी हातपाय गाळू नका. दबावाखाली घेतलेल्या राजीनाम्याला अनेक ठिकाणी आव्हान देता येतं. फक्त मुदत पाहा: जर्मनीत कामावरून काढण्याविरुद्ध दावा लावायला ३ आठवडेच मिळतात. आणि तुमच्या कामाची जाहिरात दिसली, तर तारखेसकट स्क्रीनशॉट काढा. मी तक्रारीला पहिला तोच जोडलाय.