हगवण लागलेलं वासरू: तोंडाने पाजायचं की सलाईन लावायचं?

वासराला पाण्यासारखी हगवण लागली की कोणी म्हणतं साखर-मीठ-पाणी पाजा, कोणी म्हणतं सलाईन लावा. शेण किती पातळ आहे यावरून हे ठरत नाही. वासराच्या तोंडात बोट घाला. बोट जोरात चोखलं आणि वासरू आपणहून उभं राहिलं, तर तोंडाने पाजून भागतं. तोंड गार, चोखणं बंद, डोळे खोल गेलेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर पाच सेकंदांनंतरही तशीच उभी, असं असेल तर थेट डॉक्टरांना फोन करा. अशा वासराला बळजबरीने बाटली ओतू नका, पाणी फुफ्फुसात जातं.

तोंडाने पाजायचं तर काय? घरची साखर नको. वासराच्या आतड्यात साखर पचवणारा पाचकरस जवळजवळ नसतोच. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि हगवण वाढते. आमच्या गोठ्यात वर्षानुवर्षं साखरपाणीच पाजलं जायचं, याची आज हळहळ वाटते. ग्लुकोज मात्र चालतं, त्याच्यासोबत मीठही आतड्यातून रक्तात ओढलं जातं. मेडिकलमधलं माणसांचं ओआरएस रात्री-अपरात्री वेळ निभावून नेतं, पण वासराला सोडियम जास्त लागतं आणि हगवणीने रक्तात वाढलेली आंबटता मारायला सोडा किंवा सायट्रेटही जास्त लागतं. म्हणून वासरांसाठीची ओआरएस पावडर आणून ठेवलेली बरी. दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी दोन लिटर, कोमट. दूध बंद करू नका, फक्त पावडर दुधात कालवू नका. दोन्हींत दोन-तीन तास जाऊ द्या.

सलाईनचं बळ वेगळं, पण त्याबद्दल गैरसमजही मोठा. ४० किलोच्या वासराच्या अंगातून वजनाच्या ८ टक्के पाणी गेलं म्हणजे ३.२ लिटर गेलं. अर्ध्या लिटरची एक बाटली चढवून ते कसं भरणार? शिवाय साध्या सलाईनने पाणी भरतं, आंबटता उतरत नाही. त्यासाठी सोडियम बायकार्बोनेट लागतं, ते डॉक्टरच हिशेबाने देतात. अशा वासराच्या रक्तात पोटॅशियम हा क्षारही चढून हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून आडवं पडलेलं वासरू सकाळपर्यंत थांबू शकत नाही.

सलाईननंतर वासरू पुन्हा बोट चोखायला लागलं की त्याच दिवसापासून पावडरीच्या पाण्यावर आणा, आणि हगवण थांबेपर्यंत ते चालू ठेवा.