व्हिमला पायथन जोडून वापरतोय : शिरोलीच्या मशिन शॉपमधला अनुभव

शिरोली एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे, काम कास्टिंगच्या मशिनिंगचं. सीएनसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचे) प्रोग्रॅम मी व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्येच तपासतो आणि गेले काही महिने त्याला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जोडलीय, तीही डायनॅमिक पद्धतीनं. म्हणजे पायथनची लायब्ररी व्हिमच्या पोटात नसते. पहिल्यांदा गरज पडली की तेव्हा तिची डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) लोड होते.

शॉपमध्ये याची किंमत कळते. ऑफिसच्या पीसीवर पायथन आहे, मशिनजवळच्या जुन्या पीसीवर नाही. तरी दोन्हीकडे तोच व्हिम, तीच व्हिमआरसी (व्हिमच्या सेटिंगची फाइल). पायथन नसेल तिथे फक्त पायथनच्या कमांड चालत नाहीत, बाकी काही अडत नाही.

आधी 'व्हर्जन' कमांडच्या यादीत '+पायथन3/डिन' (म्हणजे पायथन डायनॅमिक जोडता येतो) दिसतंय का बघा. मग 'पायथनथ्रीडीएलएल' या सेटिंगमध्ये डीएलएलचा पूर्ण पाथ द्या. घोडं पेंड खातं ते इथेच. व्हिम 64 बिट असेल तर पायथनही 64 बिटच लागतो. नाहीतर 'ई370, लायब्ररी लोड झाली नाही' असा एरर येतो. व्हिमचा बिल्ड (तयार केलेली प्रत) पायथनच्या ज्या 3.x आवृत्तीसाठी केलाय, पायथनही त्याच आवृत्तीचा लागतो; 'डिन-स्टेबल' बिल्ड घेतला तर ही कटकट जाते.

व्हिमआरसीत 'हॅज पायथन3' अशी अट घातली, तर लायब्ररी तिथेच, व्हिम उघडतानाच लोड होते. व्हिममध्ये पायथनची नुसती सोय आहे का एवढंच बघायचं असेल तर 'पायथन3_डायनॅमिक' तपासा.

माझं सगळ्यात लाडकं काम 'पाय3डू' या कमांडचं. प्रोग्रॅमच्या मध्ये एखादं ऑपरेशन घातलं की एन10, एन20 हे ओळींचे नंबर विस्कटतात. 'पाय3डू' प्रत्येक ओळ 'लाइन'मध्ये आणि तिचा क्रमांक 'लाइनएनआर'मध्ये देतो. आपण रिटर्न केलेली स्ट्रिंग त्या ओळीच्या जागी बसते. टक्क्याच्या (%) आणि ओ-नंबरच्या (प्रोग्रॅमच्या नंबरच्या) ओळीला हात लावायचा नसतो, म्हणून तिथे काहीच रिटर्न करायचं नाही. ओळ जशीच्या तशी राहते. मनासारखं झालं नाही तर एकदा 'यू' दाबला की सगळं पूर्ववत.

लुआ, रुबी, पर्ल या भाषांनाही अशीच सेटिंग आहेत. विंडोजवर पायथनची आवृत्ती बदललीत तर डीएलएलच्या नावातला आकडाही बदलतो, 311 चं 312 होतं. व्हिमआरसीतली 'पायथनथ्रीडीएलएल'ची ओळ त्याच दिवशी बदलून टाका.