पणजीचा विज्ञानकथा मेळावा: मी ऐकलेलं एक सत्र

गेल्या रविवारी पणजीच्या विज्ञानकथा मेळाव्याला गेले, ते एकाच सत्रासाठी. पुण्याच्या एका लेखिकेचं भाषण होतं. त्यांच्या कथा मी दिवाळी अंकांतून पंधरा-वीस वर्षं वाचत आलेय. आगरवाड्याहून म्हापसा, तिथून शटल. मेळाव्याचं तिकीट 150 रुपये.

तक्रार आधी सांगून टाकते. सत्र दहाचं, सुरू झालं पावणेअकराला, कारण सत्कार संपेनात. तासाभराचं भाषण चाळीस मिनिटांत आटपावं लागलं. मागच्या रांगांना माइक नीट ऐकू येत नव्हता. आणि पुस्तकांच्या टेबलावर बाईंचं एकही पुस्तक नाही! भाषण ऐकून लोक उठून टेबलाशी गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. याचं मला खरंच वाईट वाटलं.

पण ती चाळीस मिनिटं! बाईंनी अंतराळयानाचं नावही काढलं नाही. आदल्या दिवशी त्या खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन, बघून आल्या होत्या, तिथूनच सुरुवात केली. गोष्टीत एकच काहीतरी बदलायचं, बाकीचं जग आहे तसं ठेवायचं आणि त्या बदलाचा हिशेब अगदी शेवटच्या घरापर्यंत लावायचा, असं त्यांचं म्हणणं. मग फळ्यावर मानस काढली, म्हणजे खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं, दार आपोआप मिटतं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतलं पाणी रेटतं, दार उघडतं. ना मोटर, ना माणूस. ‘आता समुद्र वितभर वर आणा,’ त्या म्हणाल्या, ‘आणि बांध फुटू देऊ नका. बांध फुटला की गोष्ट संपली. दाराचं काय होईल ते सांगा.’

सभागृह गप्प. माझ्या वडिलांनी उभा जन्म खाजनात कोरगूट, म्हणजे खाऱ्या जमिनीत तगणारं भात, लावला, मला राहवेना. उठून म्हटलं, दार उघडायचंच कमी होईल. सुकतीलाही बाहेरचं पाणी पुरतं खाली जाणार नाही, मग आतलं पावसाचं पाणी निघणार कुठून? शेत समुद्रानं बुडण्याआधी पावसानंच बुडेल. आणि पहिला फटका उधाणाला नाही, भांगाच्या, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत बसेल, कारण तेव्हा सुकती मुळातच उथळ असते.

बाईंनी भाषण थांबवलं, मला ‘भांग’ पुन्हा समजावून सांगायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं. ‘माझी गोष्ट उधाणाच्या रात्री सुरू होत होती, ती आता बदलते,’ म्हणाल्या. इतक्या वर्षांची लेखिका भर सभेत असं म्हणते, तेव्हा तिच्या आजवरच्या कथा इतक्या खऱ्या का वाटतात ते कळतं.

प्रश्नोत्तरं दहाच मिनिटं. एका शाळकरी मुलीनं विचारलं, गोष्ट लिहिलीय पण नाव घालायची लाज वाटते, काय करू? बाईंनी जयंत नारळीकरांची आठवण सांगितली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस कथेला मिळालं, नावाला नाही. मुलीचा चेहरा असा उजळला की पाहत राहावं.

बाकी चहा बरा, जेवण साधं, दुपारचा परिसंवाद रटाळ. मी तीनची बस धरली.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘वितभर कशाला? चार बोटं पुरे. ती बाई परत आली तर घरी घेऊन ये, मानस दाखवतो.’

पुढच्या वर्षी या बाईंचं सत्र असेल तर जरूर जा. पुढच्या रांगेत बसा, आणि पुस्तक आधीच मागवून ठेवा.