‘नोकरीची हमी’ देणारा डेटा सायन्सचा कोर्स: ओटीपी देण्याआधी नोटबुक मागा

जावा किंवा टेस्टिंगमध्ये तीन-चार वर्षं काढलेल्यांना हा फोन हमखास येतो. ‘करिअर काउन्सेलर’ गोड बोलतो, फी लाखाच्या पुढे सांगतो आणि आजच सीट ब्लॉक केली तर सवलत देतो. मग आधार, पॅन आणि ओटीपी मागतो. आपल्याला वाटतं सीट बुक झाली. प्रत्यक्षात अनेकदा त्या ओटीपीने कर्जाच्या करारावर ई-सही झालेली असते.

‘नो कॉस्ट ईएमआय’ हा बहुतेक वेळा संस्थेने दिलेला हप्ता नसतोच. ते एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. संस्थेला पैसे एकरकमी मिळतात. कोर्स टुकार निघाला म्हणून सोडला तरी हप्ता खात्यातून कापला जातो, थांबवला तर सिबिल घसरतो. परताव्याची मुदत बऱ्याचदा पैसे भरल्या दिवसापासून मोजतात, आणि बॅच सुरू होते ती मुदत उलटल्यावर. ‘हमी’चं कलमही नीट वाचा: नोकरीची नव्हे, ‘मुलाखतीच्या संधींची’ हमी असते, तीही ठरावीक हजेरी आणि प्रत्येक चाचणी पास झाल्यास.

पैशांइतकीच मोठी फसवणूक शिकवण्यात होते, आणि ती प्रोग्रामरला फी भरण्याआधीच पकडता येते. डेमो लेक्चरचं नोटबुक (वर्गात चालवलेल्या कोडची फाइल) मागा आणि कोलॅबवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन नोटबुक सेवेवर, स्वतः चालवा. त्यात ‘लोड_बोस्टन’ दिसलं तर रेकॉर्डिंग शिळं आहे. घरांच्या किमतींचा तो डेटासेट सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या पायथन लायब्ररीच्या १.२ आवृत्तीत काढून टाकला. पांडाज या डेटा हाताळायच्या लायब्ररीत डेटाफ्रेमवर (डेटाच्या तक्त्यावर) ‘अपेंड’ वापरलं असेल तर तेही २.० पासून चालत नाही.

‘इंडस्ट्री प्रोजेक्ट’ म्हणून हमखास दाखवतात तो क्रेडिट कार्ड फ्रॉडचा. डेटा कॅगल या डेटासेट आणि स्पर्धांच्या साइटवर फुकट आहे: युरोपातले सप्टेंबर २०१३ मधले दोन दिवसांचे २,८४,८०७ व्यवहार, त्यांपैकी फसवणुकीचे ४९२. अ‍ॅक्युरसी (एकूण किती उत्तरं बरोबर) ९९.८ टक्के आली की वर्गात टाळ्या पडतात. पण प्रत्येक व्यवहाराला डोळे मिटून ‘ठीक’ म्हणणारी एका ओळीची फंक्शनही ९९.८ टक्केच बरोबर येते, आणि एकही चोरी पकडत नाही!

यापेक्षा लबाड चूक पुढे असते. फसवणुकीचे नमुने कमी म्हणून आधी सगळ्या डेटावर स्मोट ही कृत्रिम नमुने वाढवण्याची पद्धत चालवतात, मग स्प्लिट करतात, म्हणजे मॉडेलला शिकवायचा डेटा (ट्रेन) आणि तपासायचा डेटा (टेस्ट) वेगळे करतात. स्मोट दोन जवळच्या नमुन्यांच्या मधला नवा नमुना बनवतो. त्यामुळे ज्यांच्यापासून तो बनला ते ट्रेनमध्ये आणि तो स्वतः टेस्टमध्ये, असं सर्रास होतं. मॉडेल पाहिलेलाच पेपर सोडवतं. शिवाय टेस्टमधले निम्मे व्यवहार फसवणुकीचे होतात, असं प्रमाण बँकेत कधीच नसतं. खऱ्या प्रमाणात मोजा: २० टक्के टेस्टमध्ये सुमारे ५७,००० व्यवहार, फसवणुकीचे शंभरेक. मॉडेलने त्यांतले ९० पकडले आणि चांगल्यांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकीचा संशय घेतला, तरी ५७० खोटे इशारे निघतात. म्हणजे सात इशाऱ्यांत जेमतेम एक खरा. हे प्रिसिजन (इशाऱ्यांपैकी खरे किती) आणि रिकॉल (चोऱ्यांपैकी पकडल्या किती) न शिकवता प्रमाणपत्र देणं मला तरी सरळ लूट वाटते.

म्हणून काउन्सेलरला नव्हे, शिकवणाऱ्याला विचारा: आधी स्प्लिट की आधी स्मोट? उत्तर ‘आधी स्प्लिट, मग फक्त ट्रेनवर, पाइपलाइनच्या आत’ असंच हवं (पाइपलाइन म्हणजे सगळ्या पायऱ्या ठरल्या क्रमाने चालवणारी कोडची साखळी). ‘काही फरक पडत नाही’ म्हणाला, तर उठा.

कोड येणाऱ्याला सुरुवातीला एवढे पैसे लागतच नाहीत. फास्ट.एआयचा प्रोग्रामरांसाठीचा डीप लर्निंगचा कोर्स आणि कॅगल लर्न फुकट आहेत. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचे कोर्स फुकट, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी असते.

कर्ज आधीच झालं असेल तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) आजच उघडा. त्यात कूलिंग-ऑफची, म्हणजे कर्ज रद्द करता येण्याची, मुदत असते. ती संपायच्या आत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, प्रक्रिया शुल्क कापलं जाऊ शकतं. संस्थेला आणि फायनान्स कंपनीला वेगवेगळे ईमेल करा, फोनवरच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरची वचनं, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पावती जपा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. फायनान्स कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. हप्ता मात्र परस्पर बंद करू नका. वाद चालू असला तरी थकबाकी तुमच्याच नावावर चढते.