मुलांना प्रयोगशाळेत आणायचं, की पेटी घेऊन शाळेत जायचं?

जानेवारी उजाडला की संशोधन संस्थेत कुणा एकाच्या टेबलावर शाळांची पत्रं साचायला लागतात. २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, आमच्या नववीच्या ऐंशी मुलांना प्रयोगशाळा दाखवा. यंदा ते टेबल तुमच्याकडे आलं असेल, हाताशी दोन माणसं, एक जीप आणि बेताचा निधी असेल, तर आधी हे ठरवावं लागेल की मुलांना बोलवायचं की प्रयोगांच्या साहित्याची पेटी घेऊन आपण त्यांच्या शाळेत जायचं. मी रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात दोन्ही केलंय.

मुलांच्या संस्थाभेटीची ताकद खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचंच बघा. मुंबईतल्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार असं ठरलं, त्या प्रवाहानं नोंदी बिघडणार होत्या, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला लोखंड टाळून नवी वेधशाळा उभी केली. दोन वर्षं दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं, नोंदींची साखळी तुटू नये म्हणून. त्या साखळीत सप्टेंबर १८५९ च्या सौर वादळाची नोंद आहे. कुलाब्याच्या उपकरणांनी तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे ते क्षेत्र मोजायचं एकक) घसरण टिपली आणि त्या वादळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही ती नोंद काढून बघतात. पुस्तकातला चुंबकत्वाचा धडा असा आपल्याच किनाऱ्यावर घडलाय, हे संस्थेत काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलं की मुलांचे चेहरे बदलतात.

पण ऐंशी मुलं, एक उपकरण आणि मध्ये काच. पुढच्या दहाजणांना पडदा दिसतो, मागच्यांना पुढच्यांच्या वेण्या. एकदा दापोलीकडच्या शाळेतली एक मुलगी आमच्या दालनात भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगत होती. एसटी पहाटे साडेतीनला सुटली होती. घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजणार म्हणून तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना पालकांनी पाठवलंच नव्हतं. सावंतवाडी-दोडामार्गच्या शाळांना तर पनवेलला, आमच्या संस्थेपर्यंत येऊन त्याच दिवशी परत जाणं जमतच नाही. म्हणजे फक्त भेटींवर विसंबलात, तर संस्थेच्या जवळची, पैसा असलेली शाळाच दरवर्षी येत राहील.

शाळेत गेल्यावर चित्र वेगळं दिसतं. हर्णैच्या बाजूला एका वर्गात आम्ही बाकांवर होकायंत्रं वाटली होती. एक मुलगा ते हातात न घेता म्हणाला, "सर, बोटीवर बाबा याच्याजवळ स्पीकर ठेवू देत नाहीत. सुई फिरते." आम्ही मोबाईलचा जुना स्पीकर आणला, तो एकेक बोट सरकवत सुई कितीनं हलते ते मुलांनीच वहीत मांडलं. मग ट्रामची गोष्ट सांगितली, तेव्हा ती समजावून सांगावी लागली नाही. चाळीस मिनिटं एकाच सुईवर गेली आणि ठरवलेले बाकीचे तीन प्रयोग राहिले. मला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही. भेटीत प्रत्येक दालनाला मिळतात चार-पाच मिनिटं, तिथे असं थांबता येत नाही.

पेटीचे त्रास मात्र आधीच ऐकून ठेवा. स्थिर विद्युतचे प्रयोग किनाऱ्यावर बहुतेकदा फसतात. हवेतल्या दमटपणामुळे कंगव्यावरचा भार टिकत नाही, कागदाचे कपटे ढिम्म हलत नाहीत आणि मुलांना वाटतं पुस्तक खोटं आहे. भिंगांवर बुरशी चढते, चुंबकांचा मुलामा निघाला की ते गंजतात. सिलिका जेलच्या पुड्या, हवाबंद डबा आणि जूनपासून महिन्याला एकदा सगळं उघडून पुसणं, एवढं करणारा माणूस नसेल तर पेटीच्या भानगडीत पडू नका. तांब्याच्या नळीतून सावकाश खाली येणारा चुंबक, जुन्या सीडीच्या तुकड्याचा वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारं साधन), होकायंत्रं, एवढ्यावर चांगलं भागतं. ऐंशी मुलांच्या एका भेटीत नाश्त्या-जेवणाला जेवढे जातात, तेवढ्यात आमच्या दोन पेट्या झाल्या.

वेळापत्रक दोन्हीकडे सारखंच आडवं येतं. पावसात घाट आणि रस्ते, मग गणपती, मग सहामाही, दिवाळी. मार्चमध्ये दहावीची परीक्षा आणि शिमगा. हाताशी उरतात दिवाळीनंतरचे तीन महिने. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली दिसेनाशी होते तो दिवस, शाळेत करावा असं कुणालाही वाटेल, पण कोकणात तो एकदा मे महिन्यात सुट्टीत येतो आणि दुसऱ्यांदा जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, भर ढगांत.

शिक्षकांची कार्यशाळा हा तिसरा पर्याय कागदावर सगळ्यात स्वस्त दिसतो. पण शाळेत साहित्य नसेल तर शिक्षक शिकलेलं करणार कशानं? पेटी महिनाभर त्यांच्याकडे ठेवायची तयारी असेल तरच कार्यशाळा घ्या.

गावाजवळची एखादी जागाही उपयोगी पडते. विजयदुर्गला मुलं नेलीत तर २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण बघायला इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तिथे आले होते, हे सांगा. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणालाही ते तिथेच होते असं गावोगाव ऐकायला मिळतं, ते बरोबर नाही. हेलियमच्या शोधाशी जोडलेलं ते ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिलं. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट मिळवला. मुलांना खरं सांगितल्यानं किल्ल्याचं महत्त्व कमी होत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी सहा शाळा घ्या, प्रत्येकीत दोनदा जा, मधला महिना पेटी तिथेच ठेवा. ज्या मुलांच्या वहीत स्वतःचा प्रश्न आलाय, अशी पंधरा-वीस मुलंच जानेवारीत संस्थेत आणा, मुक्कामाची सोय करून, बरोबर शिक्षिका घेऊन, म्हणजे मुलीही येतील. वर्षअखेरीच्या अहवालात विद्यार्थ्यांचा आकडा लहान दिसेल. त्यासाठी वरिष्ठांशी एप्रिलमध्येच बोलून घ्या, नंतर खुलासे देत बसावं लागतं.

स्पीकरवाला मुलगा असाच एका जानेवारीत आमच्याकडे आला. शास्त्रज्ञांनी अलिबागची गोष्ट सुरू केली तसा त्यानं हात वर केला. "ट्रामसाठी मुंबई सोडली, मग आता कोकण रेल्वे पण विजेवर झाली, तिचं काय?" ट्रामची वीज एकदिश (डीसी) होती, रेल्वेची प्रत्यावर्ती (एसी) आहे, दोन्हींचा सुईवर परिणाम वेगळा का होतो आणि अंतरानं काय फरक पडतो, हे फळ्यावर मांडायला पाऊण तास लागला. त्या दिवशी दुसरं दालन बघायचं राहिलं.