टायटल नसलेली जुनी गाडी: टेक्सासचं बॉन्डेड टायटल कितपत कामाचं?

"टायटल हरवलंय, पण बिल ऑफ सेल लिहून देतो." अमेरिकेत जुनी गाडी बघायला गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं, आणि गाडी नेमकी तीच असते जी मनात भरलेली असते. किंमतही निम्म्यावर आलेली असते. टेक्सासमध्ये अशा गाडीला कायदेशीर मालकी मिळवून देणारी सरकारी सोय म्हणजे बॉन्डेड टायटल, म्हणजे जामीन कंपनीच्या हमीपत्रावर (बॉन्डवर) मिळणारं टायटल. आमच्या मते ती पाचपैकी चार गुणांची आहे. एक गुण कापायचं कारण असं की तिचा भरवसा कुणाला मिळतो, याबद्दल घेणाऱ्यांचा सर्रास गैरसमज होतो.

आधी टायटल म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे आरसी बुकात नोंदणी आणि मालकी एकत्रच नांदतात. तिथे नोंदणी वेगळी आणि टायटल वेगळं. टायटलची तुलना करायची तर सातबाऱ्याशी करावी: मालक कोण, गाडीवर कर्जाचा बोजा कुणाचा आणि गाडी कधी मोडीत निघाली होती का, हे त्यावर असतं. बिल ऑफ सेल ही नुसती विक्रीपावती. कितीही शिक्के मारले तरी पावतीचा सातबारा होत नाही.

म्हणून पहिला प्रयत्न बॉन्डेड टायटलचा नसावाच. विकणाऱ्याचं नाव सरकारी नोंदीत मालक म्हणून असेल, तर त्याने व्हीटीआर-३४ अर्ज भरून टायटलची प्रमाणित प्रत काढायची. टपालाने २ डॉलर, प्रत्यक्ष गेल्यास ५.४५ डॉलर, बस. खरोखर मालक असलेल्या माणसाला एवढं काम जड नसतं. एवढ्यासाठीही तो टाळाटाळ करत असेल, तर बहुतेक वेळा नोंदीत नाव तिसऱ्याचंच निघतं किंवा बोजा अजून उतरलेला नसतो. प्रत काढायची ती विकणाऱ्याने आणि पैसे द्यायच्या आधी. "तुम्हीच काढून घ्या" याला अर्थ नाही, कारण अर्ज करण्याचा हक्क नोंदीतल्या मालकाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाचा असतो. प्रत निघाली की जुनं टायटल बाद होतं, तेव्हा पुढे कुठल्या कपाटात मूळ कागद सापडला तर तो वापरू नये.

मालक वारला असेल, मृत्युपत्र नसेल आणि कोर्टात वारसाहक्काची कारवाई झालेली नसेल, तर व्हीटीआर-२६२ हे वारसांचं शपथपत्र आहे. सगळ्या वारसांच्या नोटरीसमोर सह्या लागतात. परगावी असलेला एक भाऊ राहिला की सगळं अडतं, तरीही बॉन्डपेक्षा हा रस्ता स्वच्छ, कारण त्यातून मिळणाऱ्या टायटलवर कसलाही शेरा नसतो.

हे दोन्ही रस्ते बंद असतील, म्हणजे गाडी मधल्या दोन-तीन हातांतून फिरली असेल आणि मूळ मालक सापडत नसेल, तर बॉन्डेड टायटलकडे वळायचं. त्याचा क्रम नीट पाळायला हवा, कारण बहुतेक अर्ज क्रम चुकल्यामुळेच अडकतात.

टेक्सास मोटार वाहन विभागाची प्रादेशिक सेवा केंद्रं आहेत; ह्यूस्टन, सॅन अँतोनियो, एल पासो अशा शहरांत. तिथे व्हीटीआर-१३०-एसओएफ हे वस्तुस्थितीचं निवेदन, ओळखपत्राची प्रत, गाडी घेतल्याचा पुरावा (बिल ऑफ सेल, वटलेला चेक, इन्व्हॉइस) आणि १५ डॉलर शुल्क द्यायचं. गाडीची टेक्सासमध्ये टायटल किंवा नोंदणीची नोंदच नसेल, तर व्हीटीआर-६८-ए ही तपासणीही लागते. ती वाहनचोरीचा तपास करणारा पोलीस अधिकारीच करतो, गॅरेजवाल्याच्या सहीने भागत नाही. अर्ज पात्र ठरला की विभाग बॉन्डची रक्कम सांगणारं पत्र देतो. बॉन्ड घ्यायचा तो हे पत्र हातात पडल्यावरच. घाईने आधी घेतलेल्या बॉन्डची रक्कम जुळली नाही, तर पैसे अक्कलखाती जातात.

रक्कम ठरते गाडीच्या किमतीच्या दीडपट. २५ वर्षांहून जुन्या गाडीची किंमत कितीही कमी भरली, तरी हिशेबात किमान ४,००० डॉलर धरतात, म्हणजे बॉन्ड किमान ६,००० डॉलरचा. हा आकडा ऐकून लोक घाबरतात, पण एवढे पैसे भरायचे नसतात. जामीन देणाऱ्या कंपनीला फक्त हप्ता द्यायचा. छोट्या बॉन्डला तो साधारण १०० डॉलरच्या आसपास असतो, तीन वर्षांसाठी एकदाच. बॉन्ड घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत तो, विभागाचं पत्र, टायटलसाठीचा १३०-यू अर्ज आणि बाकीचे कागद काउंटीच्या टॅक्स ऑफिसात द्यायचे. तिथे टायटलचं शुल्क २८ किंवा ३३ डॉलर (काउंटीप्रमाणे) आणि विक्रीकर ६.२५ टक्के. बहुतेक खासगी व्यवहारांत राज्य स्वतःची प्रमाण किंमत बघतं, आणि दिलेली किंमत तिच्या ८० टक्क्यांहून कमी असेल तर कर त्या ८० टक्क्यांवर लावतं. स्वस्तात मिळालेल्या गाडीवर अपेक्षेपेक्षा जास्त कर निघतो तो यामुळे.

हाती येतं ते खरंखुरं टायटल, फक्त त्यावर बॉन्डचा शेरा असतो. गाडी चालवता येते, विमा काढता येतो, विकताही येते. तीन वर्षांत कुणी दावा केला नाही तर बॉन्डची मुदत संपते.

आता तो कापलेला गुण. बॉन्ड म्हणजे विमा नव्हे. तो मूळ मालकाचं, कर्ज देणाऱ्याचं आणि पुढे गाडी घेणाऱ्याचं नुकसान भरून देण्यासाठी असतो. आज अर्ज करणाऱ्याला त्यातून छदामही मिळत नाही. उलट कुणाचा दावा खरा ठरला, तर कंपनी त्याला पैसे देते आणि तेच पैसे अर्जदाराकडून वसूल करते. गाडी चोरीची निघाली तर पोलीस उचलून नेतात आणि दिलेली किंमतही बुडते. म्हणून बॉन्ड घ्यायचा असला तरी तपासणीला पर्याय नाही.

तपासणीसाठी दोन सेवा कामाच्या. पहिली एनआयसीबी या विमा क्षेत्रातल्या गुन्हेविरोधी संस्थेची व्हिनचेक (व्हिन म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक): फुकट, दिवसाला पाच शोध. चोरीचा दावा झाला का, विमा कंपनीने गाडी भंगार ठरवली का, एवढंच ती सांगते, आणि तेही सहभागी कंपन्यांच्या नोंदींपुरतं. पोलिसांच्या नोंदी त्यात नसतात. दुसरी एनएमव्हीटीआयएस ही देशभरातल्या टायटलांची केंद्रीय नोंद, मान्यताप्राप्त विक्रेत्यांकडून थोड्या डॉलरांत मिळते. शेवटचं टायटल कुठल्या राज्यात आणि कधी झालं, कोणते शेरे लागले, ओडोमीटरचा आकडा काय होता, हे तीत कळतं. कर्जाचा बोजा आणि दुरुस्त्या कळत नाहीत. मोडीत काढणाऱ्या यार्डांना आणि विमा कंपन्यांना माहिती देण्याची सक्ती २००९ पासूनची. त्यामुळे १९८८ साली कोठारात उभी केलेली गाडी या नोंदीत कोरी दिसू शकते. "नोंद नाही" याचा अर्थ "दोष नाही" असा घेऊ नये. शिवाय १७ अंकी व्हिन १९८१ च्या मॉडेलपासूनचा. त्याआधीचे क्रमांक छोटे आणि कंपनीगणिक वेगळे असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी ते टाकताच येत नाहीत.

गाडीजवळ गेल्यावर व्हिन किमान दोन ठिकाणी वाचावा: काचेतून दिसणारी डॅशबोर्डवरची पट्टी आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल. जुन्या गाडीत फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) आणि चासीसुद्धा बघावी. १७ अंकी व्हिनमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. पावतीवर ओ दिसला तर तो शून्य आहे. नववा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे एक अक्षर चुकलं तरी बहुधा पकडता येतं. साठच्या उत्तरार्धातल्या आणि सत्तरच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांवर पट्टी फुलासारख्या डोक्याच्या रिव्हेटांनी बसवलेली असते. तिथे साधे गोल पॉप रिव्हेट किंवा स्क्रू दिसले, की पट्टी काढून बसवलेली असण्याची दाट शक्यता. तशी गाडी कितीही देखणी असो, सोडून द्यावी. व्हिनशी छेडछाड हा केंद्रीय गुन्हा आहे.

बॉन्ड कुठे चालत नाही तेही स्पष्ट हवं. अर्जदार टेक्सासचा रहिवासी नसेल किंवा तिथे तैनात असलेला सैनिक नसेल तर नाही. गाडी ताब्यात नसेल तर नाही. चासी, बॉडी आणि इंजिन मिळून गाडी पुरी नसेल तर नाही. नुसती चासी घेऊन अर्ज करता येत नाही. जंक किंवा दुरुस्त न होणारी असा शेरा लागलेली गाडी तर कायमची बाद. आणि दहा वर्षांच्या आतला बोजा नोंदीत असेल, तर आधी तो उतरवल्याचा कागद लागतो. कर्ज देणारी बँकच बुडाली असेल तर केंद्रीय ठेव विमा संस्था, म्हणजे एफडीआयसी, तिच्या वतीने बोजा उतरवून देते. पत्रव्यवहाराला वेळ लागतो, पण खर्च नाही.

ऑनलाइन टायटल मिळवून देणाऱ्या एजंट सेवा आम्हाला पटत नाहीत. अर्ज तेच, शुल्क तेच, वर त्यांचं कमिशन. त्यातल्या काहींचा आधार व्हर्मांट राज्य होतं, कारण तिथे १५ वर्षांहून जुन्या गाडीची नोंदणी टायटलशिवाय, टपालाने होत असे. २०२३ मध्ये व्हर्मांटने बाहेरच्या राज्यातल्या लोकांसाठी हा रस्ता आवळला. आजही कुणी तोच उपाय विकत असेल तर पैसे देऊ नयेत.

किमतीचं गणित करताना बॉन्ड, शुल्कं, तपासणी आणि कर मिळून येणारा खर्च टायटल असलेल्या तशाच गाडीच्या भावातून वजा करावा, आणि तीन वर्षं शेरा राहणार म्हणून आणखी थोडं खाली यावं. पावतीवर व्हिन, साल, मॉडेल, किंमत, तारीख, दोघांची नावं आणि सह्या घ्याव्यात, आणि सही विकणाऱ्याच्या ओळखपत्राशी ताडून बघावी. २०११ किंवा त्यानंतरच्या मॉडेलची गाडी असेल तर ओडोमीटरचं निवेदनही लागतं. २०१० पर्यंतच्या गाड्या त्यातून सुटल्या आहेत. पैसे चेकने द्यावेत. वटलेला चेक पुढे अर्जाला पुरावा म्हणून लागतो.